ऑक्टोबरचं फळ आणि मार्चचा पैसा: सीताफळ गराच्या एका युनिटचं प्रकरण

आधी थोडं

हे प्रकरण बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं आहे. नाव, गाव, तालुका सगळं काढून टाकलंय, रकमा थोड्या गोल केल्यात, पण काय कशाच्या आधी झालं आणि काय नंतर हा क्रम तसाच ठेवलाय कारण सगळी गोष्टच त्या क्रमाची आहे. मी या युनिटचं हिशोबाचं आणि फायनान्सचं काम बघत होतो, म्हणजे जे चुकलं त्यात माझाही हात आहे, तेव्हा लांबून बघणाऱ्याने लिहिलंय असं समजू नका.

पार्श्वभूमी

बीडचं सीताफळ माहीत नाही असा माणूस मराठवाड्यात नाही, २०१६ ला त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, पण मिळालंय. डोंगरात आपोआप उगवतं, खत नाही, पाणी नाही, दसरा-दिवाळीच्या आसपास सहा-आठ आठवडे मिळतं आणि मग संपलं. याच टायमाला साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि याच तालुक्यांतून नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक 'कोयता', मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जाते. उचल फिटली नाही की बाकी पुढच्या वर्षावर, आणि पुढचं वर्षही त्याच मुकादमाचं.

ताई, म्हणजे ज्यांनी हे युनिट उभं केलं त्या, इथल्याच. एमएसडब्ल्यू केलं, एका संस्थेत पाणलोटाचं काम केलं सात-आठ वर्षं, आणि तिथे त्यांच्या डोक्यात बसलं की बाईच्या हातात ऑक्टोबरमध्ये पाच-सात हजार रोख आले तर उचल निदान कमी तरी घेतली जाईल. मोठी क्रांती नाही, उचल कमी, एवढंच. २०१७ ला बचत गटाच्या बायकांना घेऊन एका बंद पडलेल्या गोदामात गर काढायला सुरुवात केली, २०१९ ला प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली.

सीताफळाचं एक सांगतो म्हणजे पुढचं कळेल. फळाचे डोळे उघडले की तोडायचं, तोडल्यावर दोन-तीन दिवसांत ते मऊ पडतं, आणि गर काढला की हवेने काळा पडायला लागतो. आंब्याच्या रसासारखं गरम करून डबाबंद करू म्हणाल तर नाही, सीताफळाचा गर तापवला की कडू होतो. त्यामुळे एकच रस्ता, लगेच ब्लास्ट फ्रीझरला, म्हणजे झटपट गोठवणाऱ्या मशीनला, घालून गोठवायचा आणि उणे अठराला ठेवायचा. मग तो वर्षभर आइस्क्रीमवाल्यांना, रबडीवाल्यांना विकायचा. थोडक्यात खरेदी दोन महिन्यांत आणि विक्री दहा महिन्यांत.

२०२१ ला साठ टन फळ घेतलं, २४ टन गर निघाला, ३६ लाखांची विक्री, सगळं जाऊन साडेपाच लाख उरले. छान चाललं होतं.

अडचण कुठे सुरू झाली

मे २०२२ मध्ये दोन आइस्क्रीम कंपन्यांनी मिळून ६० टन गराची मागणी दिली. ताईंनी फोन केला तेव्हा आवाजच वेगळा होता, मीही खूश झालो आणि संध्याकाळी एक्सेल उघडल्यावर दोघंही गप्प झालो.

६० टन गर म्हणजे दीडशे टन फळ. किलोला २५ रुपये धरले तर साडेसदतीस लाख फक्त फळाला, बायकांची गर काढायची मजुरी ९ लाख, पिशव्या, वीज, वाहतूक ७ लाख, म्हणजे दोन महिन्यांत साडेत्रेपन्न लाख रोख. बँकेत होते ११. शिवाय स्वतःचा ब्लास्ट फ्रीझर हवा, त्याचं कोटेशन २८ लाखांचं. सगळं मिळून सत्तर-एक्काहत्तर लाखांचा खड्डा.

आणि पैसे रोजच्या रोज लागतात हा खरा मुद्दा. गावात व्यापारी किलोला १२ रुपये देतो पण काट्यावरच देतो. २०१९ ला आमच्याकडून एकदा पेमेंटला आठ दिवस लागले होते तेव्हा एक मावशी क्रेट उचलून सरळ व्यापाऱ्याकडे गेली, जाताना म्हणाली, "ताई तुमचे पंचवीस चांगलेच हायत, पन त्याचे बारा आज हायत." ते वाक्य मी आजपर्यंत प्रत्येक बँकवाल्याला ऐकवलंय, कोणी हसलं नाही.

काय काय पर्याय होते

पहिल्यांदा बँक, अर्थातच. मशिनरीला पीएमएफएमई ही छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना होती, ३५ टक्के सबसिडी, जास्तीत जास्त १० लाख. चांगली योजना होती, फक्त ती सबसिडी हातात येत नव्हती, लोनच्या शेजारी तीन वर्षं वेगळी पडून राहायची आणि मग वळती व्हायची, तोपर्यंत हप्ता भरायला पैसा लागायचाच. पण खरी अडचण खेळत्या भांडवलाची. छोट्या उद्योगाला सीसी लिमिट, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाची मर्यादा, ठरवताना बँका रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीच्या काळापासूनचा नियम लावतात, अंदाजे उलाढालीच्या २० टक्के. हा नियम तीन महिन्यांत पैसा फिरतो असं धरून बनलाय. आपला पैसा फिरतो दहा महिन्यांत. ६० टन गराला दीडशे रुपयांनी ९० लाख उलाढाल मान्य केली असती तरी १८ लाख बसत होते, आणि मॅनेजरसाहेब ९० मानायला तयारच नव्हते, "मागच्या वर्षी ३६ ना, मग ४५ धरू", म्हणजे ९ लाख. वर स्टॉक दुसऱ्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये म्हणून ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्या स्टॉकवर किती पैसे उचलू द्यायचे, कशी काढायची हा त्यांचा प्रश्न. माणूस वाईट नव्हता, पण सीताफळ त्यांच्या फॉरमॅटमध्ये मावत नव्हतं.

दुसरा सीएसआर, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायचा पैसा. पुण्याची एक कंपनी २२ लाख द्यायला तयार होती. पण सीएसआरचा पैसा प्रायव्हेट लिमिटेडला थेट घेता येत नाही, सीएसआर-१ नंबर (असा पैसा घ्यायची सरकारी नोंदणी) असलेली संस्था मध्ये लागते. ताईंची जुनी संस्था होती. २०२१ च्या नियमदुरुस्तीनंतर सीएसआरमधून घेतलेली मशीन कोणाच्या नावावर असावी हेही ठरलेलं आहे, कलम ८ ची (ना-नफा) कंपनी किंवा सीएसआर नंबर असलेला ट्रस्ट वा सोसायटी, नाहीतर लाभार्थ्यांचा गट किंवा संघ, नाहीतर सरकारी यंत्रणा. म्हणजे फ्रीझर बचत गटांच्या फेडरेशनच्या नावावर घ्यायचा आणि कंपनीने त्याला भाडं द्यायचं. हे आम्हाला आवडलं. फळ खरेदीला मात्र यातला एक रुपया नाही.

तिसरा पर्याय मुंबईचा एक इम्पॅक्ट फंड, म्हणजे सामाजिक धंद्यांत भागीदारी घेऊन पैसा घालणारा, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण आमचं भांडण यावरच झालं. त्यांची ऑफर ७५ लाख आणि २६ टक्के भागीदारी. २६ च का, तर विशेष ठरावाला ७५ टक्के मतं लागतात, २६ हातात असले की तो अडवता येतो. आमचा खड्डा ७१ चा, ऑफर ७५ ची, मी तर म्हणलं देवच पावला. ताईंनी टर्म शीट, म्हणजे अटींचा कागद, तीन वेळा वाचली. पाच ते सात वर्षांत फंडाला बाहेर पडायचं, म्हणजे तेव्हा कोणीतरी त्यांचे शेअर विकत घ्यायला पाहिजे, आणि सीताफळाची कंपनी कोण घेणार तर गराचा मोठा व्यापारीच घेणार. आंबा, पेरू, जांभूळ सगळं सुरू करून पाच वर्षांत उलाढाल २० कोटी दाखवायची. हे सगळं एकवेळ ठीक. पण व्हिडिओ कॉलवर त्यांच्या एका मुलीने, हुशार होती, अगदी साधेपणाने विचारलं की गावात भाव १२ असताना तुम्ही २५ का देता, १५ दिले तरी बायका आनंदाने देतील ना? तिचं गणित बरोबरच होतं. दीडशे टनांवर किलोमागे दहा रुपये वाचले तर पंधरा लाख. ताई म्हणाल्या, "मॅडम, ते दहा रुपये हाच आमचा धंदा आहे." कॉल संपल्यावर मी त्यांच्यावर चिडलो होतो, खोटं कशाला बोलू.

चौथा पर्याय व्यापारी. शहरातला एक गराचा मोठा व्यापारी ३० लाख बिनव्याजी ॲडव्हान्स देत होता, ताबडतोब, कागद नाही काही नाही. अट एकच, सगळा गर त्याला, किलोला ९५ रुपयांनी. ताईंनी ऐकलं आणि हसल्या, म्हणाल्या, "म्हणजे आता मी कोयता आणि तुम्ही मुकादम." त्यावर चर्चाच झाली नाही.

पाचवा, सामाजिक उद्योगांना कर्ज देणारी एक एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेली वित्त कंपनी. २५ लाख, १५ टक्के, मधे हप्ता नाही, नुसतं व्याज, मुद्दल एकदम जुलैअखेर. तारण नाही पण आइस्क्रीम कंपनीची खरेदी ऑर्डर दाखवायची आणि ताईंची व त्यांच्या भावाची वैयक्तिक हमी.

बाकी दोन पटकन सांगतो. प्रोड्युसर कंपनी, म्हणजे उत्पादकांच्याच मालकीची कंपनी (एफपीओ), करा असं सगळेच सांगत होते, दहा हजार एफपीओच्या केंद्राच्या योजनेत सभासदामागे २,००० पर्यंत आणि एकूण १५ लाखांपर्यंत इक्विटी ग्रँट मिळत होती, पण तिचे सभासद फक्त उत्पादक होऊ शकतात, उद्या बाहेरचं भांडवल घ्यायची वेळ आली तर तो दरवाजा बंद. आणि सोशल स्टॉक एक्सचेंज, म्हणजे सामाजिक संस्थांसाठीचा शेअर बाजार, सेबीचे त्याचे नियम येऊ घातले होते (ते त्याच जुलैअखेर निघाले) आणि एक उत्साही मित्र रोज लिंक पाठवत होता, पण त्यातला झिरो कूपन झिरो प्रिन्सिपल प्रकार (व्याजही नाही, मुद्दलही परत नाही) ना-नफा संस्थांसाठी, आमची कंपनी नफ्यातली आणि छोटी, तिथे आमचं काही नव्हतं.

काय ठरवलं

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, गोदामात, खाली पोत्यावर बसून ठरलं. फंडाला नकार कळवायचा. फ्रीझर सीएसआरमधून, २२ त्यांचे ६ आपले, फेडरेशनच्या नावावर. एनबीएफसीचे २५ घ्यायचे. एका आइस्क्रीम कंपनीकडून ८ लाख ॲडव्हान्स मागायचा (मिळाला, मागायलाच आम्ही तीन वर्षं लाजत होतो). आणि ऑर्डर ६० वरून ४२ टनांवर आणायची. ४२ टनांना १०५ टन फळ, खर्च ३८ लाख, हातात ५ अधिक २५ अधिक ८, बरोबर ३८. कागदावर असं जुळलं की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. एक रुपयाही शिल्लक न ठेवता जुळलेला हिशोब मी त्यानंतर कधी कुणाला दिलेला नाही.

प्रत्यक्षात काय झालं

एनबीएफसीचे पैसे २८ सप्टेंबरला आले, वेळेत. फोनवर मेसेज दाखवत ताई म्हणाल्या, "दादा, घटस्थापना पावली."

सीएसआरचं वेगळंच रामायण. करार जुलैअखेर झाला. मग संस्थेचं १२ए चं, म्हणजे आयकर सवलतीचं, नव्याने केलेलं रजिस्ट्रेशन सापडेना, ते सापडलं तर ठरावावर एका ट्रस्टीची सही नव्हती आणि ते ट्रस्टी मुलाकडे बंगळूरला. मग कंपनीच्या सीएसआर कमिटीची मीटिंग पुढे गेली. पहिला हप्ता २० ऑक्टोबरला पडला, फ्रीझर आला डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात. तोवर झाडावर एक फळ नव्हतं. दोन महिने तो फ्रीझर निळ्या ताडपत्रीखाली उभा होता आणि येणारे पाहुणे त्याच्याबरोबर फोटो काढत होते.

मग ऑक्टोबरमध्ये गोठवायचं कुठे? १४० किलोमीटरवरच्या कोल्ड स्टोरेजमध्ये भाड्याने. रोज रीफर, म्हणजे थंड डब्याची, गाडी. त्यात २०२२ चा परतीचा पाऊस, ज्यांनी त्या वर्षी मराठवाड्यात सोयाबीन काढलं त्यांना वेगळं सांगायला नको. फळ झाडावरच काळं पडत होतं, फुटत होतं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एका रात्री गाडी ओढ्याला पाणी आलं म्हणून अलीकडेच अडकली, सकाळी पोचली तेव्हा वरच्या टबातला गर चहासारखा झाला होता. कोल्ड स्टोरेजवाल्याने झाकण उघडलं, आमच्याकडे बघितलं आणि काही न बोलता परत लावलं.

पण काटा एक दिवस बंद पडला नाही. दीपावलीच्या पाडव्याला सुद्धा चालू होता. ३१० बायकांनी फळ आणलं आणि सगळ्यांना त्याच दिवशी पैसे मिळाले. आपण ठरवलेली ही एकच गोष्ट त्या वर्षी शंभर टक्के पाळली गेली.

हिशोब

९८ टन फळ घेतलं, साडेचोवीस लाख दिले, म्हणजे बाईमागे सरासरी आठ हजारांच्या आत-बाहेर, मजुरी वेगळी. गर निघाला ३६ टन, नेहमी शंभरला चाळीस निघतो, या वेळी छत्तीस-सदतीसच, बाकी पावसाने आणि गाडीने खाल्लं. सरासरी १४८ ने विकला, ५३ लाख २८ हजार आले. खर्चात फळ २४.५, मजुरी ६.२, पिशव्या-वीज ५, रीफर आणि भाड्याचं गोठवणं ५.५, कोल्ड स्टोरेज ३, पगार ६, व्याज ३.७५. बेरीज ५३ लाख ९५ हजार. सत्तर हजारांच्या आसपास तोटा.

पंधरा टक्के व्याज ऐकून आमच्या ऑडिटरने कपाळाला हात लावला होता. त्यांना मी हे दाखवलं. बिनव्याजी ॲडव्हान्सवाल्याला ३६ टन ९५ ने दिला असता तर ५३ रुपये किलोमागे कमी, म्हणजे १९ लाख. त्याच्याकडे कोल्ड स्टोरेजचं ३ लाखांचं भाडं वाचलं असतं हे धरलं तरी १६. पावणेचार लाख व्याज महाग की बिनव्याजी महाग?

कर्ज फेडताना अजून एक झटका बसला. दुसऱ्या आइस्क्रीम कंपनीने ४५ दिवसांत पैसे देतो म्हणून ११० दिवस लावले. जुलै २०२३ ला मुद्दल द्यायचं तर आमच्याकडे १६ लाखच. ताईंनी एनबीएफसीला मे महिन्यातच फोन करून सगळं खरं सांगितलं आणि त्यांनी दोन महिने वाढवून दिले, सप्टेंबरअखेर खातं शून्य झालं. एमएसएमई समाधानवर, म्हणजे छोट्या उद्योगांच्या थकलेल्या पैशांच्या सरकारी पोर्टलवर, तक्रार करता आली असती, उद्यम नोंदणी (छोटा उद्योग असल्याची सरकारी नोंद) होती, पण गिऱ्हाईक तुटेल म्हणून केली नाही. गंमत म्हणजे पुढच्या वर्षी आयकराचं ४३बी(एच) लागू झालं, छोट्या उद्योगाचे पैसे वेळेत दिले नाहीत तर त्या वर्षी खर्च धरता येणार नाही, आणि मार्च २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात त्याच कंपनीच्या अकाउंट्सवाल्याचा स्वतःहून फोन, "मॅडम, तुमचं किती बाकी आहे?"

उचल कमी झाली का? हे सगळे विचारतात. थोड्यांची झाली, बऱ्याचजणींची नाही. एक आक्का म्हणाली की नवऱ्याने उचल तेवढीच घेतली, पण या वेळी किराणा त्यातून भरला नाही, पोरीला मामाकडे शाळेत ठेवली. रिपोर्टमध्ये हे कुठल्या रकान्यात टाकायचं मला कळलं नाही, मी 'इतर' मध्ये टाकलं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक कॅलेंडरची, आणि ती माझी. सीएसआरचा पैसा मनापासून येतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, कारण कंपन्यांना वर्ष संपायच्या आत खर्च दाखवायचा असतो. आपण जूनमध्ये मागितला आणि ऑक्टोबरमध्ये मशीन फिरेल असं धरलं. ज्या गोष्टीवाचून सीझन अडतो ती गोष्ट ग्रँटच्या हप्त्याला बांधायलाच नको होती. फ्रीझर एक वर्ष उशिरा घेऊ असं आधीच ठरवून कोल्ड स्टोरेजशी जुलैमध्ये बोललो असतो तर जवळची जागा मिळाली असती आणि साडेपाच लाखांतले निम्मे तरी वाचले असते. आता आमचे सगळे अर्ज जानेवारीत जातात.

वैयक्तिक हमीत भावाला ओढायला नको होतं. सही करताना तो हसत होता पण पुढचे सहा महिने ताईंच्या घरी त्यावरून काय चाललं ते मी ऐकून आहे. घासाघीस करून ऑर्डरवर आणि ताईंच्या एकटीच्या सहीवर भागवता आलं असतं, निदान मागून तरी बघायचं. २०२३ ला ३० लाख घेतले तेव्हा मागितलं आणि मिळालं.

फंडाला नाही म्हणलं ते बरोबर होतं का, यावर माझं अजून मत पक्कं नाही. २०२३ ला पाऊस कमी, फळ बारीक, तरी घरचा फ्रीझर असल्यामुळे सहा लाख उरले, म्हणजे ताई बरोबर होत्या असं म्हणता येईल. पण २०२२ ला ती गाडी दोनदा अडकली असती तर? तेव्हा शेजारी ७५ लाखवाला भागीदार असणं आणि जुलैची तारीख असलेली एनबीएफसी असणं यात फरक आहे. खरेदीचा भाव बदलायला फेडरेशनची संमती लागेल असं एक कलम टर्म शीटमध्ये घाला म्हणून आपण मागायला हवं होतं. ते नाही म्हणाले असते बहुतेक. पण आपण मागितलंच नाही, सरळ उठून आलो.

आणि फ्रीझर. तो कागदोपत्री फेडरेशनचा आहे, कंपनी महिन्याला १५ हजार भाडं देते. गेल्या दिवाळीनंतरच्या मीटिंगला फेडरेशनच्या अध्यक्षबाईंनी, ज्या पाच वर्षांपूर्वी सही करताना पेन उलटा धरायच्या, वहीतून वाचून सांगितलं की वीज आपली, जागा आपली, बाहेर कोल्ड स्टोरेजवाला काय घेतो ते आम्ही फोन करून विचारलंय, आता २५ हजार. ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी वहीकडे बघितलं. शेवटी २२ वर तुटलं.